आगोटीचा विसार

प्रश्न : मावशी, नमस्कार. यंदा आमच्या इमारतीतल्या चार घरांनी मिळून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायची, वर्षाची सुकी आणि खारी मासळी अलिबागकडच्या एका कोळीणबाईंकडून मागवायची ठरवली आहे. बोंबील, सोडे, जवळा आणि खारा बांगडा. त्या निम्मे पैसे आधी मागतात. द्यावेत का? आणि माल वजनावर घ्यावा की नगावर?
एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, निम्मे पैसे जरूर द्या. तो विसार आहे, त्यात वावगं काही नाही. बंदरावर होडी लागली की लिलावातली मासळी कोळणीला रोखीने उचलावी लागते. मग मीठ, मजुरी, वाळवण. टोपलीभर कोळंबी सोलून वाळवली की सोडे किती थोडे उरतात ते एकदा बघा, त्यांच्या भावावर घासाघीस करावीशी वाटणार नाही. माझी आई रेवदंड्याला शिमगा झाला की विसार देऊन यायची. मेअखेरच्या झुंबडीतही तिला ठरल्या भावानेच माल मिळायचा.

सगळी रक्कम मात्र आधी देऊ नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तसा अवकाळी पाऊस आला की वाळत घातलेला माल हातचा जातो. तसं झालं तर विसार परत मिळणार की पुढच्या खेपेत वळता होणार, हे आजच बोलून घ्या. यात कोळणीचाही मान राहतो.

बोंबील शेकड्यावर मिळत असतील तर तसेच घ्या, आकार आधी ठरवून. वजनावर घेताना ओलसर बोंबलाबरोबर पाण्याचेही पैसे जातात, शिवाय पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. मोडून बघा, कडकन तुटला पाहिजे. वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोरीवर, टांगून वाळवलेलाच मागा. वाळूवर पसरलेल्याची कचकच कितीही धुतलं तरी जात नाही. जवळा वजनावर चालेल, पण चाळलेला.

खारा बांगडा ओलसर असणारच. तो नगावर घ्या, नाहीतर मिठाचंही वजन भराल. पोटाकडे पिवळा पडलेला, खवट वासाचा किंवा लालसर डागांचा बांगडा सरळ परत करा. घरी आल्यावर जाड्या मिठाचे थर देऊन बरणीत भरा. बाकीच्या मालाला दोन कडक उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

माल मेच्या मध्यापर्यंत आणवा. वासामुळे बरेच कुरियरवाले नाही म्हणतात, तेव्हा येणारा-जाणारा माणूस किंवा टेम्पो आधी बघून ठेवा. चारही घरांची गाठोडी तिथेच वेगळी बांधून नावं घालून घ्या, जिन्यात वाटे करत बसू नका. आणि माल बघितला की उरलेले पैसे त्याच संध्याकाळी पाठवा. चार घरांची वर्गणी जमायची वाट बघू नका. १ जूनला मासेमारी बंद होते आणि तिला याच पैशांवर पावसाळा काढायचा असतो.