जुन्या मोटरहोमचा दर्जा: आधी छप्पर बघा, फर्निचर नंतर

आपल्या ग्रुपवरच्या ऐरोलीच्या सदस्यांचा प्रश्न असा: टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेलं जुनं मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) आता त्यांच्या मालकीचं झालंय, आतलं लाकूडकाम जड आणि चकचकीत आहे, पण गाडी मुळात नीट बांधलेली आहे का, हे ओळखायचं कसं? त्यावर एकाने लिहिलंय की जड फर्निचर म्हणजे मजबूत गाडी.

मला हे अजिबात पटत नाही. फर्निचर कधीही नवं करता येतं. छप्पर, सांधे आणि सांगाडा मात्र बांधणाऱ्याने जसा केला तसाच राहतो. आणि तुम्ही आता गिऱ्हाईक नाही, मालक आहात. गिऱ्हाईकाला बघायला अर्धा तास मिळतो, तुमच्या हातात अख्खा पावसाळा आहे. आपल्याकडे नवी मुंबईत वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढी कडक तपासणी कुठलंही गॅरेज करणार नाही.

सुरुवात छपरावरच्या हॅचपासून, म्हणजे वर उघडणाऱ्या झडपेपासून करा. हॅच किंवा एसी बसवताना पत्रा कापतात, आणि बऱ्याचदा त्याखालची, छपराला आधार देणारी आडवी कमानही कापली जाते. चांगला बॉडी बिल्डर त्या भोकाभोवती चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून कापलेली कमान तिला जोडतो. घाईचं काम करणारा नुसतं भोक पाडून प्लायवर स्क्रू मारतो. मग छप्पर तिथे किंचित खोलगट होतं, पाणी साचतं आणि गळती सुरू होते. आतली प्लॅस्टिकची रिंग चार स्क्रू काढून उतरवा, टॉर्च मारा. बांधणाऱ्याची वृत्ती तिथेच कळते.

तिथेच सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारा चिकट मसालाही बघा. जुन्या सिलिकॉनवर नवं काहीच नीट चिकटत नाही. एकावर एक थर फासलेले दिसले तर गळती शोधलेली नाही, नुसती झाकलेली आहे. सगळं खरवडून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरावं लागेल.

पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. म्हणून पाइपने पाणी मारताना खालून वर जा आणि प्रत्येक उंचीवर दहा मिनिटं थांबा, म्हणजे नेमकी जागा सापडते. वरच्या कपाटांचे कोपरे हाताने चाचपा, भिंतीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. आवाज बदलला किंवा अंगठ्याने दाबल्यावर प्लाय दबला, तर आत ओल आहे. भिंतीत ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचेचा कापूस) असेल तर ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेर खालच्या पट्टीजवळ रंगाला फोड आलेत का, तेही बघा.

सिंकखालच्या कापलेल्या कडा फार बोलक्या असतात. तिथे प्लायचे थर दिसतात, कड रंगाने बंद केली आहे की कोरी सोडली आहे तेही दिसतं. आयएस ७१० चा शिक्का सापडला तर उत्तम, तो पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. भुसा दाबून केलेला बोर्ड असेल तर फुगलेलाच सापडेल.

सांगाड्यासाठी एक साधी चाचणी आहे. पुढचं एक चाक फुटपाथच्या बुटक्या कडेवर चढवा आणि सगळे दरवाजे उघडून लावा. बॉडी थोडी पिळणारच, पण दरवाजा लागतच नसेल तर सांगाडा ढिला आहे. मग रॅम्पवर घेऊन बॉडी जिथे चासीवर (गाडीच्या खालच्या मूळ लोखंडी चौकटीवर) बसते ते बोल्ट आणि ब्रॅकेट बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो, पापुद्रे निघणारा नाही. गाडीच्या पोटाला ताजा काळा अंडरकोट (गंजरोधक लेप) दिसला तर खाली गंज झाकलेला नाही ना, हे हातोडीने ठोकून बघाच.

वायरिंगमध्ये दोनच गोष्टी बघतो: फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ आहे का, आणि पत्र्यातून जाणाऱ्या वायरला रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारदार कडेपासून वायर वाचवणारी रिंग) आहे का. गॅस सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच हवं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साचतो. हे नसेल तर आधी ते करून घ्या, तोवर शेगडी पेटवू नका.

आता त्या जड फर्निचरबद्दल. पाण्याची टाकी भरून, नेहमीचं सामान चढवून गाडी एमआयडीसीतल्या एखाद्या वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे धरूनच आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) कमाल वजनाशी आकडा ताडून बघा. तो ओलांडला असेल तर ते सुंदर लाकूड ब्रेक आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर रोज भार टाकतंय, आणि घाट उतरताना तो भार जिवावर बेतू शकतो. अशा वेळी वरची कपाटं हलक्या प्लायची करून घ्या.

हॅचची रिंग काढल्यावर आतला फोटो आणि काट्याची पावती इथे टाका. कमानीचं काम दिसलं की पुढचं नेमकं सांगता येईल.