गरोदर आहे हे माहीत नसताना छातीचा एक्स-रे काढला, बाळाला काही होईल का?

ताई, पाळी चुकायच्या आधीच खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला, आणि आता घरातले ‘जोखीम नको, पिशवी साफ करून घे’ म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. त्या एका एक्स-रेपायी तसलं काही करू नका.

मी मिरजेत एक्स-रे टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण खोलीत काय होतं ते रोज बघते. तुम्हाला स्टँडला छाती टेकवून उभं केलं असेल, हनुवटी वर, खांदे पुढे, ‘श्वास घ्या, धरा’. तेव्हा पाठीवर उजेडाचा एक चौकोन पडतो. तो आम्ही छातीपुरता छाटून घेतो, कारण मुख्य किरणं तेवढ्याच जागेत जातात. पिशवीपर्यंत पोचतात ती अंगातल्या अंगात विखुरलेली, अगदी थोडी. बाळाला मिळणारा डोस फार तर ०.०१ मिलिग्रे (मिलिग्रे म्हणजे अंगात किती किरणं मुरली त्याचं माप). काहीच न काढता घरी बसलात तरी माती, आकाश आणि अन्नपाण्यातून नऊ महिन्यांत ०.५ ते १ मिलिग्रे मिळतोच.

५० मिलिग्रेच्या खाली व्यंग किंवा गर्भपाताचा धोका वाढलेला दिसत नाही. १०० मिलिग्रेच्या आतला डोस हे गर्भ पाडायचं कारण धरू नये, असं किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० सालीच सांगितलंय.

सगळेच एक्स-रे सारखे नसतात, हेही खरं. कमरेच्या मणक्याला १ ते १० मिलिग्रे जातात आणि ओटीपोटाच्या सीटी स्कॅनला १० ते ५०. तिथे डॉक्टर हिशोब करूनच ठरवतात. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये ही किरणं नसतातच. (सोनोग्राफीच्या दारावरचा बोर्ड लिंगनिदानबंदीचा असतो. तो वाचून ‘इथं बाळाला धोका आहे होय?’ असं एका आजींनी मला विचारलं होतं.)

चूक बहुतेक वेळा आमच्याकडूनच होते. तासगावकडची एक मुलगी आली होती, सासू शेजारी उभी. मी सगळ्यांदेखत विचारलं, ‘दिवस गेलेत का?’ ती मान खाली घालून ‘नाही’ म्हणाली. महिन्याने रडत परत आली. तिचीही छातीच होती, म्हणून निभावलं. पण सासूसमोर दुसरं काय बोलणार ती? तेव्हापासून मी सोबतच्यांना बाहेर बसवते आणि ‘गरोदर आहात का’ न विचारता शेवटच्या पाळीची तारीख विचारते. तारीख सांगायला कुणी लाजत नाही.

एक्स-रेचं पाकीट टाकून देऊ नका. त्यावरची तारीख तुमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा आणि घरच्यांनाही त्यांच्यासमोर बसवा. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

आणि खोकला गेला की नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही. दोन आठवड्यांच्या वर टिकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या, फुकट होतं. टीबी निघाला आणि तसाच राहिला, तर तो त्या एक्स-रेपेक्षा बाळाला कितीतरी जड जाईल.