पोर्च खचलाय? आधी नोटीस, मग घण

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं रो-हाउस आहे. किंमत 38 लाख, ताबा जून 2022 मध्ये मिळाला. गेल्या पावसाळ्यानंतर पोर्चचं काँक्रीट हौदाच्या बाजूला तीनेक बोटं खचलं. घराच्या दुसऱ्या अंगाचा कोबाही जोत्यापासून सुटून आत कलला आहे. पाऊस आला की पाणी भिंतीकडे येतं. बिल्डर म्हणतो, करारात हमी एकच वर्षाची होती, शिवाय तुम्ही 2023 मध्ये पोर्चशेजारी बोअर मारलं, त्यानेच खचलं. फार तर वरून सिमेंटचा थर देतो म्हणतो, पण त्याआधी 'कोणतीही तक्रार उरली नाही' अशा कागदावर सही हवी आहे. एक ठेकेदार भोकं पाडून खाली फोम भरून काँक्रीट उचलून देतो म्हणतो, दुसरा सगळं फोडून नव्याने करायला सांगतो. कोणता मार्ग धरावा? खर्च बिल्डरकडून मिळेल का?

उत्तर : दोन्ही ठेकेदारांना थोडं थांबवा. दुरुस्तीची पद्धत आणि भरपाईचा दावा एकमेकांत गुंतलेले आहेत. तुमचा खरा पुरावा त्या काँक्रीटच्या खाली आहे आणि दोन्ही पद्धतींत तो कायमचा जातो. फोडलं तर डबर ट्रॉलीतून निघून जाईल, फोम भरला तर खालची पोकळी कुणालाच दिसणार नाही.

करारातल्या एका वर्षाला घाबरू नका. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा केंद्रीय कायदा, त्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष बिल्डरच्या नजरेला आणून दिला, तर तो त्याने 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर तुम्ही भरपाईला पात्र ठरता. करारातलं कलम याच्या विरोधात असेल तर कायदाच वरचढ ठरतो. त्यामुळे तुमची मुदत जून 2027 पर्यंत आहे, पण ती लेखी कळवण्याची आहे. फोनवरचं बोलणं आणि गेटवरची वादावादी यात मोजली जात नाही. करारनाम्यावर प्रकल्पाचा रेरा नोंदणी क्रमांक आहे ना, एवढं आजच पाहून घ्या. आणि खचलेला भाग तुमच्याच प्लॉटच्या हद्दीत आहे असं मी धरतो, सामाईक रस्ता असेल तर तक्रार सोसायटीची.

आता बोअरचं. हा बिल्डरचा सर्वांत धारदार मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नका. बोअर मारताना निघालेलं पाणी आणि गाळ तिथेच मुरला असेल, तर त्या बाजूच्या खचण्याचा काही वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो. पण तुमच्याच पत्रात त्याचं उत्तर आहे : जिथे बोअर नाही, त्या अंगाचा कोबाही कलला आहे. म्हणून दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी, तारखेसह नोंदवा. बोअरची बाजू सोडावी लागली तरी दुसरी बाजू टिकेल.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराभोवती ती तशीच ठेवून वर काँक्रीट ओतलं की ते हलणारच. त्यात नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे घरोघरी हौद, आणि तो बहुधा पोर्चखालीच. हौदासाठी मोठा खड्डा काढतात, बांधकाम झालं की उरलेल्या फटीत तीच काळी माती, विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या पिशव्या ढकलून मोकळे होतात. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून धुम्मस केलेला, म्हणजे ठोकून घट्ट बसवलेला नसतो. तुमचं काँक्रीट हौदाच्याच बाजूला खचलंय, म्हणून माझा पहिला संशय तिथे आहे.

तो तपासायचा असा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि बिल्डरला त्या तारखेची लेखी सूचना द्या. तो आला नाही तरी पाहणी करा, फक्त सूचना दिल्याची पोचपावती जपा. खचलेल्या कडेला दोन फूट लांबी-रुंदीचा खड्डा घ्या, खाली मुरूम आहे की काळी माती हे टेप धरून, फोटोत जाडी दिसेल असं टिपा. हौद भरून पातळीवर खूण करा, रात्रभर वापर बंद ठेवून सकाळी पाहा, म्हणजे गळती आहे की नाही ते कळेल. इंजिनिअरचा सहीशिक्क्याचा अहवाल घ्या, त्यात कारण आणि दुरुस्तीची शिफारस दोन्ही हवीत. फोटो ज्या मोबाइलने काढले तो विकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मग वकिलामार्फत नोटीस, स्पीड पोस्टने पोचपावतीसह, आणि 30 दिवस. तोवर पाणी भिंतीत शिरत असेल तर हातावर हात ठेवून बसू नका. नुकसान टाळण्याचा वाजवी प्रयत्न तुम्ही केला का, हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. तात्पुरती चारी काढा, पाणी गटाराकडे वळवा, पावती ठेवा.

दुरुस्तीच्या पद्धतीबद्दल. शेवटचा शब्द इंजिनिअरचा, पण अशी प्रकरणं हाताळताना बनलेलं माझं मत सांगतो. बिल्डरचा वरचा थर सर्वांत वाईट. खालची माती तशीच राहते, वजन वाढतं आणि जोत्यालगतची पातळी वर चढून ओल भिंतीत शिरते. फोम लवकर होतो, फोडाफोड नाही आणि खाली नुसती पोकळी असेल तर उपयोगीही आहे. पण खाली फुगणारी काळी माती असेल आणि पाण्याची वाट तीच राहिली, तर दोन पावसाळ्यांनी पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल. सिमेंटचा पातळ गाळ दाबून भरण्याचीही पद्धत आहे, ती स्वस्त पडते, पण त्या भरावाचं ओझं आधीच खचणाऱ्या मातीवरच येतं. खड्ड्यात काळी मातीच निघाली तर माझा कौल फोडून करण्याला : माती काढून मुरूम थराथराने दाबणं, भिंतीपासून बाहेर उतार, आणि हौदाभोवती शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक, म्हणजे पुढे दुरुस्तीला उचलता येईल. खर्च जास्त येईल, पण अहवालात हीच शिफारस असेल तर तोच आकडा दाव्यात मागता येतो.

ठेकेदार कोणताही घ्या, त्याच्याशी लेखी करार करा. नुसतं 'वॉरंटी 5 वर्षं' लिहून उपयोग नाही, त्यात 'पुन्हा खचल्यास स्वखर्चाने दुरुस्ती' हे शब्द हवेत. दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. बिल पक्कं घ्या, नाहीतर दाव्यात ते दाखवता येणार नाही.

बिल्डर बधला नाही तर दोन दारं आहेत. महारेराची (रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) तक्रार ऑनलाइन, फी 5000 रुपये. किंवा सोलापूरचाच जिल्हा ग्राहक आयोग. किंमत 50 लाखांच्या आत असल्याने तुमचं प्रकरण तिथे बसतं आणि फी 1000 रुपये. रेरा असला तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच स्पष्ट केलं आहे. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नका. तुमचा वाद जमिनीखाली काय आहे यावर फिरणार आहे आणि जागा पाहायला स्थानिक तज्ज्ञ नेमून घेणं इथे सोपं जाईल, म्हणून मी ग्राहक आयोग निवडेन. तिथली मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे. ती रेराच्या 5 वर्षांशी गल्लत करून हातची घालवू नका.

बिल्डरच्या कागदावर आज सही करायची नाही. उद्या त्याने माणसं पाठवून नीट काम केलंच, तर काम पाहून, 'सर्व हक्क अबाधित ठेवून काम स्वीकारले' असं स्वतःच्या हाताने लिहून, खाली तारीख टाकून सही करा आणि त्या कागदाची एक प्रत तिथल्या तिथे मागून घ्या.