ह्यूस्टन आवडतात, मग दिवाणी प्रक्रिया का नको?

प्रश्न : मी पाच वर्षांच्या लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय वकील चार्ल्स ह्यूस्टन यांच्याबद्दल वाचल्यापासून नागरी हक्कांचीच वकिली करायचं ठरवलंय. संविधान सोडून बाकी विषयांत मन लागत नाही. बाबा म्हणतात, यात पोट भरत नाही. काय करू?

उत्तर : आधी बाबांची शंका. ह्यूस्टन 1922 मध्ये हार्वर्डमधून वकील होऊन निघाले, पुढच्या वर्षी डॉक्टरेट. हार्वर्ड लॉ रिव्ह्यूच्या संपादक मंडळावरचे ते पहिले कृष्णवर्णीय. तरी 1924 मध्ये बसले ते वॉशिंग्टनला, वडिलांच्या वकिली ऑफिसात. 1929 पासून हॉवर्ड विद्यापीठात लॉचे उपअधिष्ठाता, 1935 मध्ये 'एनएएसीपी' या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे पगारी वकील, आणि 1938 मध्ये परत वडिलांकडे. संघटनेला सल्ला देणं चालूच. हक्कांच्या केसेस लढताना चूल पेटती ठेवणारं काम त्यांच्या हाताशी होतं.

आता तुझं मन. डोनाल्ड मरेची केस घे. मेरीलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलने वर्णावरून त्याला प्रवेश नाकारला. 1935 मध्ये ह्यूस्टन आणि त्यांचे माजी विद्यार्थी थरगुड मार्शल बाल्टिमोरच्या कोर्टात उभे राहिले. 'वेगळं पण समान', म्हणजे सोयी समान असतील तर वर्णावरून वेगळं ठेवणं चालेल, या 1896 पासूनच्या तत्त्वाला त्यांनी थेट आव्हान दिलंच नाही. तुमचाच नियम धरू, म्हणाले. मग कृष्णवर्णीयांचं वेगळं लॉ स्कूल राज्यात आहे कुठे? राज्याने परराज्यात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या पुढे केल्या: 50 जणांना, प्रत्येकी 200 डॉलर. अर्जाचे फॉर्म मागणारे 380. शिवाय वकिली मेरीलँडमध्ये करायची आणि शिकायचं दुसरीकडे, हे कसं? यात संविधान जेमतेम एका कलमापुरतं. बाकी आकडे, विद्यापीठाच्या अध्यक्षांची उलटतपासणी आणि नेमकी मागणी: परमादेश, म्हणजे विद्यापीठाने प्रवेश द्यावाच असा कोर्टाचा हुकूम. नुसती भरपाई मागितली असती, तर मरे वर्गात बसला नसता. जानेवारी 1936 मध्ये वरच्या कोर्टाने प्रवेशाचा आदेश कायम केला.

लॉ स्कूलच का निवडलं, यातही हिशोब होता. मूठभर विद्यार्थ्यांसाठी वेगळं लॉ स्कूल राज्याला परवडत नाही, आणि लॉ स्कूल म्हणजे काय ते न्यायाधीशाला समजावत बसावं लागत नाही.

हीच चाल मिसूरी राज्यात मात्र अर्ध्यावर अडली. तिथल्या लॉ स्कूलने नाकारलेल्या लॉइड गेन्सची केस डिसेंबर 1938 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकली. पुढे राज्याने कृष्णवर्णीयांसाठी काढलेलं वेगळं लॉ स्कूल समान आहे का, यावरून लढाई व्हायची, तर मार्च 1939 मध्ये गेन्स बेपत्ता झाला, तो सापडलाच नाही. वादी एकटा, तो गेल्यावर केसही गेली.

तेव्हा या वर्षी दिवाणी प्रक्रिया संहिता आणि साक्ष्य अधिनियम मन लावून कर. इंटर्नशिप जिल्हा न्यायालयात, रोज साक्षीपुरावे चालवणाऱ्या वकिलाकडे. तालुक्यातल्या एका सरकारी वसतिगृहाची मंजूर पदं, भरलेली पदं आणि खर्च माहिती अधिकारात मागव. उत्तर अर्धवट येईल, मग पहिलं अपील कर. सनद आणि बारची परीक्षा झाल्यावर गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी साधारण तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते. तोवर घर चालेल ते जमिनीच्या आणि वाटणीच्या दाव्यांवर, त्यांना नाक मुरडू नकोस.

आणि मरेचं निकालपत्र वाचून मेरीलँडच्या बाजूने दोन पानी युक्तिवाद लिही. जिथे अडशील, तो विषय या सेमिस्टरला आधी घे.