‘म्हणजे हातपायच चोळायचे ना?’

“मॅडम, माझ्या रँकला पीएमआर मिळतंय. मला आवडतंही. पण घरी पटत नाही.” श्रुती (नाव बदललंय) एवढं बोलून थांबली, कारण ‘घर’ शेजारच्याच खुर्चीत बसलं होतं. पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, रुग्णांच्या पुनर्वसनाचा विषय. वडील बार्शीकडच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, “एमबीबीएस करून हिनं आता लोकांचे हातपाय चोळत बसायचं का?”

नीट पीजीचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेशाचं काउन्सेलिंग लागलं की हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो. मी म्हटलं, “सर, व्यायाम घेतो तो फिजिओथेरपिस्ट. त्याचं शिक्षण वेगळं आणि त्याच्यावाचून या डॉक्टरचं पान हलत नाही. पण श्रुती करणार ते तीन वर्षांचं एमडी.” लकव्यानंतर आखडलेला हात सैल करायला बोटॉक्सचं इंजेक्शन द्यायचं की फिनॉलचं, मणक्याला मार लागलेल्या माणसाची मूत्रपिंडं शाबूत राहावीत म्हणून त्याची लघवी कशी आणि किती वेळा काढायची, गुडघ्याखाली कापलेल्या पायाला कुठला कृत्रिम पाय चालेल, हे ठरवणारा हा डॉक्टर.

सर ऐकत होते. पटल्याचं काही दिसेना. मग मेरी वर्गीस यांच्याबद्दल सांगितलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या तरुण डॉक्टर. 1954 मध्ये गाडीचा अपघात झाला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. त्यानंतर चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांची ऑपरेशनं केली, न्यूयॉर्कला जाऊन हा विषय शिकून आल्या आणि 1966 मध्ये वेल्लोरला पुनर्वसन केंद्र सुरू झालं. “खुर्चीत बसून ऑपरेशन?” सरांनी दोनदा विचारलं. चोळण्याचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

खरं काम पुढेच होतं. श्रुतीनं कॉलेजांची यादी करून आणली होती आणि क्रम लावला होता ‘कुठे मिळेल’ यावर. ही चूक हुशार मुलंही करतात. चॉइस फिलिंगमध्ये, म्हणजे पसंतीची यादी भरताना, तुमच्या रँकला उपलब्ध असलेली यादीतली सगळ्यात वरची सीट मिळते. अवघड कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. तेव्हा क्रम मनातल्या पसंतीचाच हवा. मात्र पुढच्या फेऱ्यांत मिळालेली सीट सोडली तर अनामत जाऊ शकते, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं नाही.

पण पसंती ठरवायची कशावरून? तिच्या वहीत स्टायपेंड, हॉस्टेल, घरापासूनचं अंतर असे रकाने होते. मी म्हटलं, हे राहू दे. आधी जाऊन बघून ये. आणि विभागप्रमुखांना भेटू नकोस, सेकंड इयरच्या रेसिडेंटला, म्हणजे तिथे एमडी करणाऱ्या डॉक्टरला चहा पाज. त्याला विचार, विभागाच्या स्वतःच्या नावावर खाटा किती, की नुसती दुसऱ्या वॉर्डांतून येणारी बोलावणी? इंजेक्शनची सुई कुणाच्या हातात असते? कृत्रिम अवयवांची कार्यशाळा आवारात आहे का?

मुंबईत हाजीअलीची या विषयाची अखिल भारतीय संस्था 1955 पासूनची, तिच्या यादीत ती होतीच. बाकी दोन सरकारी कॉलेजं. त्यातल्या घराजवळच्या कॉलेजात तिला रेसिडेंट भेटला तो टेबलाशी अपंगत्वाची प्रमाणपत्रं भरताना. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, प्रमाणपत्रांचं काम मोठं आहे आणि ते शिकायलाच हवं. पण त्याचा जवळजवळ सगळा दिवस त्यातच जात होता. बोटॉक्स कधी दिलंस, असं हिनं विचारलं तर तो हसून म्हणाला, “यूट्यूबवर बघितलंय.”

दुसऱ्या कॉलेजात तिनं एक तास नुसतं बघितलं. चालून आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरचा कृत्रिम पाय रेसिडेंट मुलीनं उतरवला, मोजा काढला. ठुंठाच्या टोकाला रुपयाएवढा लाल डाग होता. तिनं अंगठा दाबून पाहिला आणि घड्याळ बघत दहा मिनिटं थांबली. डाग गेला नाही. सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा ठुंठावर बसणारा भाग, उचलून ती स्वतःच मागच्या कार्यशाळेत गेली, तंत्रज्ञाला बोटानं जागा दाखवली, तेवढं घासून घेतलं आणि परत चढवलं. “मॅडम, तिनं त्याला परत चालवलं आणि पुन्हा सगळं काढून बघितलं,” श्रुती फोनवर सांगत होती, आणि स्टायपेंड किती, हे विचारायचं राहून गेलं होतं.

तिनं ते कॉलेज हाजीअलीच्या खाली, दुसऱ्या नंबरावर टाकलं, घराजवळचं शेवटी. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या नंबरचं मिळालं. हॉस्टेलची खोली गळकी आहे म्हणे.

सर नातेवाइकांना अजूनही “पोरगी हाडांच्या डॉक्टरकीला लागलीय” असंच सांगतात.