आईच्या रिपोर्टमध्ये ईएसआर वाढलेला दिसला, तर पेट स्कॅन करावा का?

आपल्या ७४ वर्षांच्या आईंना काही त्रास नसताना ईएसआर (रक्तातल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग, जो शरीरात कुठे दाह असल्यास वाढतो) ३८ आला, सोनोग्राफीत उजव्या किडनीवर सिंपल सिस्ट (पाण्याने भरलेली साधी पिशवी) दिसली आणि आता पेट स्कॅन (कर्करोग शोधण्यासाठी करतात ती शरीराची तपासणी) करावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मुळीच करू नये. ईएसआर वयाबरोबर वाढतोच. स्त्रियांच्या बाबतीत वयात १० मिळवून निम्मे करावे, असा डॉक्टरांचा ढोबळ आडाखा आहे आणि त्या हिशेबाने आईंच्या वयाला ४२ पर्यंतचा आकडा चालतो. साध्या सिस्ट तर या वयात सर्रास आढळतात.

आमच्या अण्णांच्या पंचाहत्तरीला थोरल्या बंधूंनी छातीच्या सीटी स्कॅनसह संपूर्ण तपासणीचे पॅकेज भेट दिले. उजव्या फुप्फुसात ८ मिलिमीटरची गाठ निघाली आणि रिपोर्टखाली लिहिले होते, ‘कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही’. बंधूंनी त्याच रात्री मुंबईला बायोप्सी ठरवून टाकली, तर अण्णा पासबुके काढून आईला कोणते खाते कशाचे ते समजावत बसले. मी माळ्यावरची ट्रंक उतरवून, हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला त्यांचा छातीचा एक्स-रे शोधला. पाकिटाला कसर लागली होती, पण फिल्म स्वच्छ होती. कर्वे रस्त्यावरच्या छातीच्या डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावून पाहिली, तेव्हा तोच ठिपका त्याच जागी, तेवढाच आणि मधोमध कॅल्शियम साचलेला दिसला. कधीकाळी होऊन आपोआप बऱ्या झालेल्या क्षयाचा तो व्रण होता, आणि आपल्याकडे असे व्रण असलेली माणसे घरोघरी सापडतील. बायोप्सीच्या सुईने फुप्फुसाला छिद्र पडू शकते, हेही डॉक्टरांनी सांगितले.

मी वडिलांच्या जिवाशी खेळलो, असे बंधू आजही चारचौघांत म्हणतात. मला ते साफ अमान्य आहे. जुनी फिल्म ताडून पाहणे हासुद्धा तपासच होता आणि तो सुई टोचण्याआधी होणे आवश्यक होते.

मात्र आईंचे वजन विनाकारण घटत असेल, हिमोग्लोबिन उतरत असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा सिस्टमध्ये जाड पडदे अथवा घट्ट भाग असल्याचे रिपोर्टमध्ये लिहिले असेल, तर माझे वरचे म्हणणे बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. एरवी जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून फॅमिली डॉक्टरांकडे न्यावेत आणि ईएसआर पुन्हा करायचा की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे. परगावच्या नातेवाइकांना नव्हे.