रस्त्यावरच्या वादकाचा व्हिडिओ टाकण्याआधी

आधी परवानगी घ्या. चेहरा, नाव, फोन नंबर यांतलं काय दाखवायचं, हे वादकच ठरवेल.

रस्त्यावर चित्रापेक्षा आवाज जास्त बिघडतो. बासरी किंवा एकतारी असेल तर मोबाइल चार-पाच फुटांवर धरा आणि वाऱ्याकडे तुमची पाठ ठेवा. ढोलकीला आणखी मागे सरका, नाहीतर थाप फाटते. कॉलर माइक लावलात तर त्यावर स्पंजचं टोपण हवंच. सुरुवात थेट सुरांनी करा, तुमची ओळख नको.

क्यूआर कोड वादकाच्या स्वतःच्या खात्याचाच हवा. पैसे तुमच्याकडे घेऊन ‘नंतर देतो’ म्हणालात की हिशेब आणि विश्वास दोन्ही जातात. चॅनेलही त्यांच्याच जीमेलवर उघडा.

फिल्मी गाण्यावर बहुतेकदा कॉपीराइटचा दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात. म्हणून गवळण, ओवी, वासुदेवाची गाणी आधी टाका. तसंही यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओंतून जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं लागतं. त्याआधी हाताला लागते ती बारशा-लग्नांची सुपारी. त्यासाठी वर्णनात वाद्य, गाव, कार्यक्रमाचा वेळ आणि (वादकाची हरकत नसेल तर) नंबर पहिल्याच ओळीत लिहा.